अठ्ठावन्न किलोचा नवरदेव

ताई, मी वाळवा तालुक्यातला, वय २६, चाकणला कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे, रूमवर चौघं राहतो. उंची पाच फूट पाच, वजन ५८. लहानपणापासून सगळे काडी, पापड, फुंकर मारली तर उडेल असं म्हणायचे, हसून सोडायचो. दिवाळीनंतर घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. एका ठिकाणी पत्रिका जुळली, मुलगी मला आवडली, पण मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगा चांगलाय पण समोर फार बारीक दिसतो, फोटोत बरा वाटला होता. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही. शर्टाच्या आत दोन बनियन घालतो, उन्हाळ्यात पण. जिम लावली, चार महिने झाले, दंड अर्धा इंच वाढला (रोज टेप लावतो). रात्री रील बघत बसतो आणि एकेकाची बॉडी बघून झोप लागत नाही. आता जिमचा ट्रेनर म्हणतो नॅचरलने तुझं काही होणार नाही, एक कोर्स मारू, तीन महिन्यांत कोणी ओळखणार नाही, १८ हजार. आणि वर्कआउटच्या आधी एक छोटं इंजेक्शन असतं, त्याने दम लागत नाही म्हणाला. घेऊ का? घरी बहिणीचं पण असंच काहीतरी चालूय, वय १९, रात्री जेवत नाही आणि पार्लरवालीकडून आणलेली क्रीम लावते, गोरी झालीय थोडी. तिला काय सांगू? सोबत बायोडाटा जोडलाय, काही बदल हवा असेल तर सांगा. तुमचा, बारीक्या.

---

बारीक्या (तूच अशी सही केलीयस म्हणून, नाहीतर मी कोणाला अशी हाक मारणार नाही),

आधी इंजेक्शनचं बोलू, कारण बाकीचं सगळं चार दिवस थांबेल, तुझा ट्रेनर थांबणार नाही. घेऊ नकोस. कोर्स नको, आणि ते छोटं इंजेक्शन तर अजिबातच नको.

कोर्स म्हणजे ॲनाबॉलिक स्टिरॉइड, बहुतेक टेस्टोस्टेरॉन नाहीतर नॅन्ड्रोलोन, सोबत काहीबाही गोळ्या. याने मसल वाढतं का? वाढतं, खोटं कशाला बोलू, वाढत नसतं तर एवढी पोरं त्याच्या नादी लागलीच नसती. पण होतं काय, बाहेरून टेस्टोस्टेरॉन यायला लागलं की मेंदू म्हणतो आता आपल्याला बनवायची गरज नाही आणि खाली ऑर्डर पाठवणंच बंद करतो. वृषणं आकसतात, स्पर्म काऊंट घसरतो, काही जणांचा तर शून्यावर येतो. कोर्स थांबवल्यावर ही लाइन परत चालू व्हायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर, आणि काहींची पूर्वीसारखी होतच नाही. मधल्या काळात बाहेरचं हार्मोन बंद, आतलं सुरू झालेलं नाही, मग अंगात त्राण नसतं, मन खचतं, चिडचिड, कमावलेली बॉडी उतरायला लागते, आणि नेमकं तेव्हाच ट्रेनर म्हणतो चल दुसरा कोर्स मारू. शिवाय छाती बायकांसारखी वाढणं, पाठभर पिंपल्स, घराण्यात टक्कल असेल तर ते लवकर, बीपी वर, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, हृदयाचा स्नायू जाड. आणि सुई शेअर केली, जी बऱ्याच ठिकाणी सर्रास होते, तर हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची भीती वेगळी.

तू हे लग्नासाठी करायला निघालायस ना, मग हिशेब पुरा मांड. लग्न जमावं म्हणून सुई घ्यायची आणि दोन वर्षांनी बायकोला घेऊन मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसायचं, आणि तिथेही आपल्याकडची रीत अशी की आधी सगळ्या तपासण्या तिच्याच होणार, सासू तिलाच बोलणार, आणि तुला आतून माहीत असणार कोर्स कोणी मारला होता ते.

आता ते 'छोटं इंजेक्शन'. त्याने नाव सांगितलेलं नाही म्हणून मी खात्रीने कसं सांगू, पण आपल्याकडच्या जिममध्ये वर्कआउटच्या आधी दम लागू नये म्हणून जे देतात ते बऱ्याचदा मेफेन्टरमाइन असतं. हे औषध ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी एकदम पडलं तर ते वर आणायला वापरतात. भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो, मॉनिटर लावलेला असतो, तेव्हा. तुला ते देणार बारावी झालेला माणूस, चेंजिंग रूममध्ये. बीपी नॉर्मल असलेल्या माणसाला दिलं की ठोके वाढतात, बीपी चढतं, दम लागल्याचं कळत नाही, म्हणजे थांबायला सांगणारी शरीराची यंत्रणाच गप्प केलेली असते. सवय लागते, डोस वाढत जातो, काहींना भास व्हायला लागतात, संशय यायला लागतो. पुण्यासकट राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी आणि एफडीएने याचे साठे पकडलेत, बातम्या येतच असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही, त्यामुळे तुझा ट्रेनर काय धंदा करतोय ते तुझं तू समजून घे. जिम बदल. भांडू नकोस, 'घरचे नाही म्हणाले' म्हण आणि दुसरी शोध, चाकणला काय जिमचा तोटा नाही.

आता तो निरोप. मला खरं सांग, मुलगी स्वतः तुला काही बोलली का? पत्रात तसं कुठे नाहीये. कोणीतरी मध्यस्थाला बोललं, मध्यस्थ तुझ्या काकांना बोलला असेल, काका घरी बोलले, आणि तुझ्यापर्यंत आलं ते असं, 'फार बारीक दिसतो'. स्थळ नाकारताना लोक काहीतरी सोपं कारण देतात हे तुलाही माहितीय, शेती कमी आहे असं तोंडावर कोणी म्हणत नाही. असेलही तेच कारण, मी नाही म्हणत नाही. पण एका निरोपावर चार महिने झोप घालवण्याआधी एवढं तरी बघायचं की तो निरोप कोणाचा आहे.

आणि आकडे बघू, तू दिलेतच तर. पाच फूट पाचला ५८ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, एकवीसच्या थोडा वर. भारतीयांसाठी साडेअठरा ते तेवीसच्या आत नॉर्मल धरतात. तू अगदी मधोमध आहेस. म्हणजे ज्याला तू आजार समजून इंजेक्शन घ्यायला निघालास तो डॉक्टरच्या लेखी आजारच नाही, तुला औषध लिहून द्यायला त्याच्याकडे कारणच नाही.

तुमच्या शेजारच्या कराड तालुक्यातलं गोळेश्वर तुला माहीत असणारच. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ ला हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट कोणता? सत्तावन्न किलो. तुझ्यापेक्षा एक किलो कमी. आता तू म्हणशील ताई, ते पैलवान होते, त्यांचं सत्तावन्न आणि माझं अठ्ठावन्न एक आहे का. नाही, एक नाही, त्यांनी तालमीत घाम गाळला होता आणि तुझे आत्ता कुठे चार महिने झालेत, पण मग फरक मेहनतीचा आहे ना, सुईचा नाही, आणि किलोंचा तर नाहीच नाही.

तालमीचं नाव काढलंच आहे तर एक सांगते, कारण लोक हल्ली तालमीबद्दल फार गोड बोलतात, जुनं ते सगळं चांगलं. तसं काही नाही. तालमीतही एक ठरलेली बॉडी होतीच, भरलेली मान, रुंद पाठ, दूध-तूप-बदाम-थंडाई रिचवलेलं पोट, आणि किडकिडीत पोराची टर तिथेही उडायची. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबाग मैदान बांधलं १९१२ मध्ये, तेव्हापासून आपल्या भागात पुरुष म्हणजे काय याचं चित्र आखाड्यातल्या मातीतूनच आलंय. पण ते चित्र बघ कसं होतं, पैलवानाला सुटलेलं पोट चालायचं. आज एखाद्या जुन्या हिंदकेसरीचा लंगोटातला फोटो नाव न सांगता रीलवर टाकला तर खाली कमेंट येतील, काका कार्ब्स कमी करा. माणूस तोच, ताकद तीच, बघणारे बदलले. तुझ्या आजोबांच्या वेळी 'खात्यापित्या घरचा दिसतो' ही स्थळासाठी शिफारस होती, कारण दुष्काळ आणि रेशनच्या रांगा बघितलेल्या माणसाला पोट म्हणजे घरात धान्य आहे एवढंच दिसायचं. आता धान्य सगळ्यांकडे आहे, वेळ आणि पैसा मोजक्यांकडे आहे, म्हणून ज्याला रोज दोन तास व्यायामाला आणि मोजून-मापून खायला परवडतं त्याचं शरीर भारी ठरलं. हे चक्र असं फिरतच असतं, तू फक्त चुकीच्या दशकात बारीक निघालास.

सिनेमाचंही तसंच. आपल्या मराठी पडद्यावर एकेकाळी हिरो बारीक असो, टकला असो, पोट सुटलेला असो, हाऊसफुल्ल व्हायचा, कोणी दंड मोजले नाहीत. हिंदीत शर्ट काढायची लाट आधीच आली होती, पण २००७ मध्ये शाहरुखने चाळिशी उलटल्यावर 'ओम शांती ओम'मध्ये सिक्स पॅक दाखवले आणि मग तर बातमी गाण्याची नाही, पोटाची झाली, वर्तमानपत्रांत डाएट चार्ट छापून आले. तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतास. म्हणजे तुला कळायला लागल्यापासून तू हेच बघतोयस, तुला वाटणार की पुरुष असाच असतो.

हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत जी. आय. जो म्हणून सैनिकाचं खेळणं आहे, पोरं खेळतात त्याच्याशी. हॅरिसन पोप नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बसून त्या बाहुल्यांची मापं काढली, बाहुला खऱ्या माणसाच्या उंचीचा असता तर दंड किती भरला असता म्हणून, १९९९ मध्ये पेपर छापला. १९६४ च्या बाहुल्याचा दंड बारा इंचांच्या आसपास. नव्वदच्या दशकात आलेल्या एका मॉडेलचा जवळपास सत्तावीस इंच. सत्तावीस! एवढा दंड कुठल्या बॉडीबिल्डरचा पण नव्हता. तुझा आत्ता किती आहे? साडेअकरा, बारा? म्हणजे १९६४ च्या सैनिकाएवढा आहेस तू, आणि त्या वेळी तो सैनिक पोरांना दणकट वाटत होता.

याच पोपने आणि त्याच्या लोकांनी मसल डिस्मॉर्फिया नावाचा त्रास मांडला. माणूस धडधाकट असतो, काही वेळा चांगला पिळदार असतो, पण आरशात त्याला काडीच दिसते. दिवसातून दहा वेळा आरसा, टेप, सैल नाहीतर थरावर थर कपडे, कोणाच्या घरी जेवायला जायचं टाळणं, जिम चुकली की घालमेल. तुला तो झालाय असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते डॉक्टरचं काम. पण दोन बनियन आणि रोजची टेप वाचून मी थबकले हे खरं. मे महिन्यात चाकणच्या शेडमध्ये, मशीनसमोर, आठ तास दोन बनियन आणि वर युनिफॉर्म? अंगाला घामोळं आलं नसेल तरच नवल. टेप आधी बंद कर, मित्राकडे देऊन टाक, महिन्यातून एकदा मागून घे, कारण मसल एका दिवसात मापात येण्याएवढं वाढतच नाही, तू रोज जे मोजतोस ते म्हणजे पाणी, जेवण आणि टेप किती घट्ट धरली ते. आणि बनियन एक. पहिले आठ दिवस अवघड जाईल, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटेल, मग कळेल की कोणी बघत नाहीये, सगळे शिफ्ट कधी संपते ते बघतायत. तरीही झोप येत नसेल, मन त्याच त्याच गोष्टीवर अडकत असेल तर १४४१६ वर फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेडाच्या डॉक्टरकडे पाठवतायत असलं काही मनात आणू नकोस.

रीलचं आता. रविवारी एक प्रयोग कर. सकाळी उठल्या उठल्या, काही न खाता, ट्यूबलाइटखाली सरळ उभा राहा आणि रूममेटला फोटो काढायला सांग, श्वास सोडून, खांदे ढिले. मग वीस-पंचवीस पुशअप्स मार, लगेच दंडाचा एखादा सेट, अंगाला थोडं खोबरेल लाव, बल्ब डोक्यावर एका बाजूला येईल असा उभा राहा, पोट आत, कंबर किंचित वळवून, कॅमेरा खालून वर. दुसरा फोटो. मधे दहा मिनिटं गेलीत फक्त, आणि फोटोतला माणूस तीन महिने जिम केल्यासारखा दिसेल, कारण मसलमध्ये रक्त भरलेलं असतं, त्यालाच पंप म्हणतात, तासाभरात उतरतो. ही झाली फुकटची ट्रिक. शूटच्या आधी दोन दिवस पाणी-मीठ कमी करणं, फिल्टर, एडिटिंग हे वेगळं, आणि जो 'नॅचरल' म्हणतो त्याचं नॅचरल असणं आणखी वेगळं. अमेरिकेत लिव्हर किंग नावाचा एक दाढीवाला होता, कच्चं यकृत खा, आदिमानवासारखं जगा म्हणजे अशी बॉडी होते म्हणायचा, लाखो फॉलोअर्स, स्वतःच्या सप्लिमेंट्सचा धंदा जोरात. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे ईमेल फुटले आणि त्याला कबूल करावं लागलं की स्टिरॉइड घेत होतो. नॉर्वेत तर २०२२ पासून कायदाच आहे, जाहिरातीत शरीराचा आकार नाहीतर कातडी एडिट केली असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं, पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरलासुद्धा. तुला झोपेच्या वेळी जे दिसतं त्याच्यावर काहीही लिहिलेलं नसतं, आणि तू एका रीलवर थांबलास की तसल्याच दहा पुढे येतात, कारण तू बघतोस एवढंच त्या मशीनला कळतं, बघून रडतोस की हसतोस ते कळत नाही. असली अकाउंट्स म्यूट कर, 'नॉट इंटरेस्टेड' दाब, फोन रात्री दुसऱ्याच्या पलंगाखाली चार्जिंगला लाव. आठवडाभरात फीड बदलतं, शेतीच्या नाहीतर बैलगाडा शर्यतीच्या रील यायला लागतील, त्या बघ.

बहिणीचं मला जास्त काळजीचं वाटतं, आणि तू ते पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंयस.

पार्लरवालीकडची क्रीम, डबीवर धड नाव-पत्ता नाही आणि थोड्या दिवसांत गोरं करते, म्हणजे आत साधारण दोनपैकी एक असतं. एक म्हणजे कडक स्टिरॉइडचं मिश्रण. (तुझं ते कोर्सवालं स्टिरॉइड वेगळं, हे वेगळं, नाव एक म्हणून गोंधळू नकोस.) त्याने सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल्स येतात, लव वाढते, उन्हात चेहरा पेटतो, आणि बंद केलं की आणखी भडकतो म्हणून पोरगी परत लावते. दुसरं म्हणजे पारा, आणि तो कातडीतून आत जाऊन किडनी खातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या मायलेकींना किडनीचा त्रास झाला, शोधता शोधता मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कळलं की घरात सगळ्या एकच क्रीम लावत होत्या आणि तिच्यात पारा भरमसाट होता. तर बहिणीला डबीसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, इस्लामपूरला (आता ईश्वरपूर) नाहीतर सांगलीला सिव्हिलमध्ये. सकाळी डोळ्यांखाली सूज येते का, लघवीला फेस येतो का, एवढं आईला विचारायला सांग, येत असेल तर लघवीची आणि क्रिएटिनिनची (किडनीसाठी रक्ताची) तपासणी त्याच दिवशी.

रात्रीचं जेवण ती का सोडते हे तिला विचारण्याआधी घरात तिला कोण काय बोलतं ते आठव. फिजीत एक अभ्यास झाला होता, ॲन बेकर नावाच्या बाईंचा. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे, कोणी वाळलं की घरचे काळजी करायचे, अगदी आपल्या आजीसारखं, 'किती वाळलीस गं'. त्या भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, परदेशी मालिका लागल्या. तेव्हा वजनासाठी ओकारी काढते असं सांगणारी शाळकरी मुलगी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरातल्या अकरा जणींनी ते सांगितलं, आणि चौघींतल्या तिघी म्हणत होत्या आम्हाला कधी ना कधी आपण फार जाड आहोत असं वाटतं. तीन वर्षं आणि घरात एक टीव्ही, तोही सगळ्यांच्या नाही. तुझ्या बहिणीच्या तर हातातच आहे. २०२१ मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यातल्या इन्स्टाग्रामबद्दलच्या एका स्लाइडवर कंपनीच्याच लोकांनी लिहिलेलं होतं की तीनपैकी एका टीनेज मुलीचा शरीराबद्दलचा त्रास आपण वाढवतो. माहीत होतं त्यांना. त्यामुळे तिला 'येडी आहेस का, जेव' असं ओरडू नकोस. तिच्यासोबत जेवायला बस, ताटाकडे बघू नको, पाळी वेळेवर येते का आणि चक्कर येते का ते आईकडून काढ, आणि डॉक्टरकडे जाशील तेव्हा हिमोग्लोबिन पण बघून घ्या.

आता बायोडाटा. तू विचारलंस काही बदल हवा का. हवा.

'अपेक्षा' या रकान्यात तू लिहिलंयस: गोरी, सडपातळ, सुंदर, घरकामात तरबेज, नोकरी केल्यास चालेल. एका अनोळखी घराने तुला एका शब्दात तोललं तर तू चार महिने दोन बनियन घालून फिरलास. तू पाच शब्दांत तोलतोयस आणि तो कागद मध्यस्थ व्हॉट्सॲपवर पंधरा घरांत पाठवतोय, आणि प्रत्येक घरात तुझ्या बहिणीएवढी एक पोरगी तो वाचून पार्लरवालीकडे जातेय. तू एकटा करतोस असं नाही, आपल्याकडे 'वर्ण' हा रकानाच छापून मिळतो, गव्हाळ असेल तर निमगोरा लिहायचं, सावळा असेल तर गव्हाळ, एक पायरी वर, आणि समोरचा पण एक पायरी खाली धरूनच वाचतो. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली, जाहिरातींनी दोन पिढ्यांना शिकवलं की मुलगी गोरी झाली की नोकरी पण लागते आणि लग्न पण होतं, २००५ मध्ये पुरुषांसाठी पण वेगळी गोरेपणाची क्रीम आली म्हणजे तुम्हीही सुटला नाहीत, आणि २०२० मध्ये जगभरातून ओरड झाल्यावर नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायचा फिल्टर काढला. कंपन्या धंद्यासाठी का होईना पण हलल्या, आपला बायोडाटा मात्र तिथेच आहे. तो रकाना काढ. अपेक्षेत खरंच जे हवं ते लिही, म्हणजे चाकणला राहायची तयारी आहे का, नोकरी करणार असेल तर शिफ्टचं कसं जमवायचं, शिक्षण किती. संसार याच्यावर अडतो. आणि 'नोकरी केल्यास चालेल' काय, तुझ्या एकट्याच्या पगारात चाकणचं भाडं कसं भागवणार आहेस तू? फोटो नवीन काढ, समोरून, एका शर्टात, आहेस तसा. फोटोत बरा आणि समोर बारीक ही तक्रार निदान परत यायची नाही.

आता अंग थोडं भरावं असं तुला वाटतंच असेल तर त्यात काही गैर नाही, मी काय 'आहेस तसा सुंदर आहेस' वगैरे म्हणणार नाही, ते ऐकून कोणालाच बरं वाटत नाही. वजनं उचलणं चांगलंच आहे, आयुष्यभर कर. पण तू खातोस काय? मेसचा डबा म्हणजे तीन चपात्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी, दोन्ही वेळचं मिळून प्रोटीन फार तर चाळीस ग्रॅमच्या आसपास. साध्या माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आत पुरतं, वजनं उचलणाऱ्याला दीड-पावणेदोनपर्यंत लागतं, म्हणजे तुला नव्वदच्या आसपास. चार अंडी घातलीस की चोवीस, अर्धा लिटर दूध सोळा, पन्नास ग्रॅम सोया चंक्स सव्वीस, झालंच की रे. वर मूठभर शेंगदाणे आणि गूळ, कारण तुला नुसतं प्रोटीन नाही, पोटभर खाणं पण कमी पडतंय. त्या १८ हजारांत हे सगळं कित्येक महिने चालेल. पावडर परवडली तर घे, नाही घेतलीस तरी अडत नाही. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, ओव्हरहेड प्रेस, आठवड्यातून तीन-चार दिवस, दर काही आठवड्यांनी वजन थोडं वाढवत. पहिल्या वर्षात महिन्याला अर्धा किलो चढला तरी उत्तम समज. हे हळू आहे, रीलला शोभणारं नाही, पण उतरत नाही.

चार महिन्यांत अर्धा इंच दंड वाढला हे तू पडलेल्या तोंडाने लिहिलंयस. अरे चांगला वाढलाय तो, मेसच्या जेवणावर आणि झोपेशिवाय!

नाईट शिफ्टचा आठवडा असेल तेव्हा जिमचे दोनच दिवस ठेव आणि झोप भरून काढ, झोपेशिवाय मसल चढत नाही. बहिणीला डॉक्टरकडे नेशील तेव्हा ती डबी सोबत घे, रिकामी झाली असली तरी, आणि पार्लरवालीने आणखी कोणाकोणाला दिलीय तेही तिच्याकडून काढून घे, त्या पोरींच्या घरी पण कळायला हवं.

— ताई